आरोग्याच्या चार गोष्टी : वृषणातल्या 'नर्स' पेशी



या सदरात आपण रक्तदाब, साखर, गुडघे, मोतीबिंदू असे आपल्या वयाचे विषय घेत आलो. प्रोस्टेटवर लिहिले त्यानंतर एका आजींचा फोन आला. त्यांनी विचारले, "सिस्टर, नातवाच्या लग्नाला पाच वर्षे झाली. नातसुनेच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघाले नाही. आता डॉक्टर म्हणतात, नातवाच्या वृषणातला बारीक तुकडा काढून बघू. तिथे काय बघणार? आणि मुलगा तर चांगला उंचापुरा, सैन्यातून आलेला, मग त्याच्यात दोष कसा?"

प्रश्न एका आजींचा असला तरी अशी घरे आपल्यात बरीच आहेत, म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहिते. विषय जरा लाजेचा आहे. पण आपण सत्तरी-ऐंशीची माणसे, चार पिढ्या पाहिलेल्या. आपण लाजलो तर तरुणांना सांगणार कोण? वाचताना चष्मा लावा, चहा घ्या, आणि एका बैठकीत जमले नाही तर दोन बैठकींत वाचा.

आधी घराची रचना

पुरुषाच्या अंडकोषाच्या पिशवीत दोन वृषणे असतात. वृषण मोठ्या बोराएवढे, चार-पाच सेंटिमीटर लांबीचे. बाहेरून गुळगुळीत दिसते, पण आत अगदी बारीक नळ्यांची गुंडाळी कोंबून भरलेली असते. लोकरीचा गुंडा डब्यात दाबून बसवावा तशी. एका वृषणातल्या सगळ्या नळ्या सोडवून सरळ मांडल्या तर दोनशे मीटरहून जास्त लांबी भरते. शुक्राणू तयार होतात ते या नळ्यांच्या भिंतीत.

नळ्यांच्या बाहेर, दोन नळ्यांमधल्या जागेत, वेगळ्या पेशी असतात. त्यांना लायडिग पेशी म्हणतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक त्या बनवतात. दाढी-मिशा, जाड आवाज, स्नायूंची ताकद आणि वैवाहिक इच्छा ही या संप्रेरकाची कामे.

इथेच आजींच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर आहे. नळीच्या आतले काम वेगळे आणि बाहेरचे वेगळे. बाहेरच्या पेशी ठणठणीत असतील तर पुरुष दिसायला भरदार असतो, संसार नीट करतो, आणि तरीही नळीच्या आत शुक्राणूंचे काम बंद असू शकते. "आमचा मुलगा धडधाकट आहे, मग सुनेतच काहीतरी असणार" हे वाक्य मी नोकरीच्या काळात फार वेळा ऐकले. शरीरशास्त्रात त्याला काहीही आधार नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत कारणाचा सगळा किंवा थोडा भाग पुरुषाकडे असतो.

सर्टोली कोण होते?

आता नळीच्या आत जाऊ. तिथे दोन जातीच्या पेशी राहतात. एक, ज्यांच्यापासून शुक्राणू होतात त्या बीजपेशी. दुसऱ्या, त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी.

या आधारपेशींचे पहिले नीट वर्णन एनरिको सर्टोली या इटालियन तरुणाने केले. त्यांचा जन्म १८४२चा आणि हा लेख त्यांनी छापला १८६५ साली, म्हणजे वय अवघे तेविसाच्या आसपास. उत्तर इटलीतल्या पाविया येथे ते वैद्यकी शिकले होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना फांद्या फुटलेल्या झाडासारख्या पेशी दिसल्या, आणि शुक्राणू तयार होण्याशी यांचा संबंध असावा असे त्यांनी ओळखले. पुढे ते मिलानच्या पशुवैद्यकीय विद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९१० साली वारले. त्या पेशींना आज सर्टोली पेशी म्हणतात.

नंतर बरीच वर्षे शास्त्रज्ञांत वाद चालला. शुक्राणूंची डोकी या पेशींत रुतलेली दिसत, तेव्हा शुक्राणू या पेशींतूनच उगवतात की काय, असे काहींना वाटे. विसाव्या शतकाच्या मध्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि स्पष्ट झाले, की सर्टोली पेशी वेगळी आणि बीजपेशी वेगळी. एक दुसरीला जन्म देत नाही, फक्त कुशीत धरून वाढवते. म्हणूनच पुस्तकात त्यांना 'नर्स पेशी' असेही म्हटलेले आढळते. माझ्या व्यवसायाचे नाव शरीरातल्या एका पेशीला मिळाले, याचा मला विद्यार्थिनी असल्यापासून अभिमान आहे.

कुशीत धरतात म्हणजे काय करतात?

सर्टोली पेशी उंच असते. तिचे बूड नळीच्या बाहेरच्या कडेला टेकलेले आणि शेंडा आतल्या पोकळीपर्यंत. तिचे अंग सरळ नसते, ठिकठिकाणी खोबणी असतात. त्या खोबणींत वेगवेगळ्या वयाच्या बीजपेशी बसलेल्या असतात. सगळ्यात लहान तळाशी, त्याहून मोठ्या मध्ये, आणि शेपूट फुटलेले तयार शुक्राणू वर शेंड्याशी.

तळाच्या बीजपेशी विभागत राहतात. त्यांतल्या काही मूळ साठा म्हणून तिथेच राहतात आणि काही पुढच्या प्रवासाला निघतात. प्रवासात त्यांची गुणसूत्रे ४६ वरून २३ होतात, कारण उरलेली २३ आईकडून यायची असतात. नंतर गोल पेशी लांबट होते, डोके घट्ट होते, शेपूट येते. हा सगळा प्रवास सुमारे अडीच महिन्यांचा आहे. त्यानंतर वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणात शुक्राणू काही दिवस राहतात, तिथे पोहायला शिकतात. सगळे धरून तीन महिन्यांचा हिशेब मनात ठेवा, तो पुढे उपयोगी पडेल.

या अडीच महिन्यांत बीजपेशीला स्वतःची जागा स्वतः बदलता येत नाही. तिला हात नाहीत, पाय नाहीत. शेपूट असले तरी ते अजून चालत नाही. तळापासून शेंड्यापर्यंत तिला चढवायचे काम सर्टोली पेशीचे. हे करताना तिची पकड सुटता कामा नये, आणि पकड इतकी घट्टही नको की बाळ वाढणार नाही. आजारी माणसाला पलंगावरून खुर्चीवर बसवताना नर्स एक हात काढते तो दुसरा हात लागल्यावरच. तसेच इथे चालते.

जोड कसकसले?

सर्टोली पेशी आणि बीजपेशी यांच्यामधले जोड एका प्रकारचे नसतात. मुख्य तीन सांगते.

पहिला जोड बटणासारखा. दोन पेशींच्या पातळ पडद्यांवर समोरासमोर प्रथिनांचे ठिपके असतात आणि ते एकमेकांत अडकतात. आपल्या जुन्या ब्लाउजांना टिचबटणे असत, तसे समजा. मधल्या वयाच्या गोल बीजपेशींना धरून ठेवायला हा जोड पुरतो.

दुसरा जोड अतिबारीक नळीचा. दोन पेशींमध्ये सूक्ष्म भोके जुळतात आणि त्यांतून छोटे रेणू आणि निरोप इकडून तिकडे जातात. या नळ्या ज्या प्रथिनांच्या बनतात त्यांतल्या एकाचे नाव कनेक्सिन-४३. शास्त्रज्ञांनी उंदरांच्या फक्त सर्टोली पेशींतून हे एक प्रथिन काढून टाकले, तर शुक्राणू होणेच बंद पडले. बीजपेशींत काही बिघडवले नव्हते. सांभाळणारीचे बोलणे थांबले आणि बाळ वाढले नाही.

तिसरा जोड सगळ्यात मजबूत, आणि तो लांबट झालेल्या शुक्राणूच्या डोक्याभोवती असतो. सर्टोली पेशी आपल्या पडद्याच्या आतल्या बाजूला ॲक्टिन नावाच्या तंतूंची जुडी उभारते. मोळी बांधावी तशा या जुड्या शेजारी शेजारी असतात. पडद्यावर नेक्टिन नावाची प्रथिने असतात: सर्टोली पेशीच्या बाजूला नेक्टिन-२ आणि शुक्राणूच्या बाजूला नेक्टिन-३. दोघी एकमेकींना धरतात. नेक्टिन-२ नसलेले नर उंदीर वांझ निघाले, कारण पकड नीट नसल्याने शुक्राणूंचा आकारच बिघडला. म्हणजे ही पकड फक्त धरण्यासाठी नाही, घडवण्यासाठीही आहे.

जोडांतून पोषणही चालते. मधल्या आणि वरच्या बीजपेशींना साखर थेट वापरणे जमत नाही. सर्टोली पेशी रक्तातली साखर घेते, तिचे लॅक्टेट करते आणि ते बीजपेशींना पुरवते. लहान बाळाला भाकरी चावता येत नाही म्हणून आई पेज करून देते, तशातला प्रकार. लोहसुद्धा तीच आणून देते.

शेवटी निरोपाचा दिवस येतो. शुक्राणू तयार झाला की सर्टोली पेशी एकेक जोड सोडते आणि जोडाचे सामान स्वतःच्या पोटात ओढून घेते, म्हणजे पुढच्याला वापरता येईल. शुक्राणूच्या अंगावरची जास्तीची चरबट गाठोडी तो तिथेच टाकून जातो आणि सर्टोली पेशी ती गिळून साफ करते. वाढीत मेलेल्या बीजपेशीही तीच उचलते. पलंग स्वच्छ करून नवीन पेशंट घ्यायचा, हा वॉर्डाचा नियम तिथेही आहे.

रोज असे कोट्यवधी शुक्राणू सुटतात. एकेकाची लांबी मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाएवढी.

दोन दारांची खोली

आता एक महत्त्वाची गोष्ट. शेजारी शेजारी उभ्या सर्टोली पेशी तळापासून थोड्या वर एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात, की मधून पाण्याचा थेंबही सहज जात नाही. या शिवणीमुळे नळीचे दोन मजले होतात. तळमजल्यावर लहान बीजपेशी, तिथे रक्तातून सर्व काही पोहोचते. वरच्या मजल्यावर मोठ्या बीजपेशी, तिथे फक्त सर्टोली पेशी जे देईल तेच पोहोचते. याला रक्त आणि वृषण यांच्यामधला अडसर म्हणतात. डिम आणि फॉसेट या शास्त्रज्ञांनी १९७० साली उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत ही दोन मजल्यांची रचना नीट दाखवली.

हा अडसर कशासाठी? आपल्या शरीराचे संरक्षक दल, म्हणजे पांढऱ्या पेशी, लहानपणीच ओळख करून घेतात की आपले कोण आणि परके कोण. पण शुक्राणू तयार होऊ लागतात वयात आल्यावर. त्यांच्या अंगावरची नवी प्रथिने पहारेकऱ्यांनी कधी पाहिलेली नसतात. दिसली तर परकी समजून मारतील. म्हणून वयात येतानाच सर्टोली पेशी ही भिंत घालतात.

मग तळमजल्यावरची बीजपेशी वर जाते कशी? भिंत फोडून नव्हे. तिच्या खालच्या बाजूला आधी नवी शिवण घातली जाते आणि त्यानंतरच वरची जुनी शिवण उसवते. ज्यांनी संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात काम केले आहे त्यांना ही पद्धत माहीत आहे. मागचे दार लागल्याशिवाय पुढचे उघडायचे नाही.

मोठा मार, जोराची सूज किंवा शस्त्रक्रिया यांनी ही भिंत फाटली तर शरीर कधीकधी स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते.

हुकूम कुठून येतो?

मेंदूच्या बुडाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. ती दोन निरोप पाठवते. एक एल.एच., तो लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतो. दुसरा एफ.एस.एच., तो थेट सर्टोली पेशींसाठी असतो. सर्टोली पेशी उलट निरोप पाठवते, त्याचे नाव इनहिबिन. म्हणजे "काम चालू आहे, जास्त ओरडू नका." नळीत काम बंद पडले की इनहिबिन कमी होते आणि पिट्युटरी जोराने ओरडू लागते. रक्तात एफ.एस.एच. वाढलेले दिसते. डॉक्टर ही तपासणी का लिहितात ते आता कळले असेल.

गंमत अशी, की एफ.एस.एच. आणि टेस्टोस्टेरॉन हे दोन्ही निरोप ऐकायला कान आहेत ते सर्टोली पेशीला. बीजपेशीला नाहीत. हुकूम नर्सला मिळतो आणि नर्स बाळाकडून काम करून घेते. निरोप थांबला की जोड सैल होतात आणि अर्धवट वाढलेल्या बीजपेशी पोकळीत गळून पडतात.

घरात जपायच्या गोष्टी

आता हे ज्ञान घरात कसे वापरायचे ते पाहू.

व्यायामशाळेतली इंजेक्शने. पीळदार दिसायला काही तरुण बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा तशी औषधे घेतात. सगळ्यांना वाटते, पुरुषी औषध आहे, म्हणजे बीज वाढेल. होते उलट. बाहेरून माल आला की पिट्युटरी गप्प बसते, वृषणाच्या आतले टेस्टोस्टेरॉन खूप खाली येते आणि सर्टोली पेशींची पकड सुटते. हा परिणाम इतका पक्का आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या सुमारास दर आठवड्याचे टेस्टोस्टेरॉन इंजेक्शन पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिले, आणि निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू शून्यावर गेले. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे काम परत सुरू होते, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. नातू अशी इंजेक्शने घेत असेल तर ओरडू नका, पण हे त्याला नक्की सांगा. मूल हवे असलेल्या पुरुषाने हे औषध घ्यायचे नाही.

उष्णता. वृषण शरीराबाहेर पिशवीत असते, कारण त्याला अंगापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. मांडीवर तापता लॅपटॉप, रोजचे कढत टबस्नान, सौना या सवयी मूल हवे असताना टाळाव्यात. जोराचा ताप आला तरी शुक्राणू कमी होतात. आता तीन महिन्यांचा हिशेब आठवा. आजचा ताप वीर्याच्या तपासणीत काही आठवड्यांनी दिसतो, आणि आज सिगारेट सोडली तर फायदा दिसायला तीन महिने लागतात. म्हणून एका वाईट रिपोर्टवर रडायचे नाही. तपासणी पुन्हा करायची.

सिगारेट. तंबाखूच्या धुरात कॅडमियम नावाचा धातू असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कॅडमियमने सर्टोली पेशींमधल्या शिवणी उसवलेल्या दिसल्या आहेत. ओठांवरचा धूर इतक्या खोल जातो.

गालगुंड. लहानपणी गालगुंड झाले तर वृषणाला सहसा धोका नसतो. वयात आल्यावर लस न घेतलेल्या पुरुषाला झाले तर दहांतल्या दोन-तीन जणांचे वृषण सुजते. बहुधा एकाच बाजूचे, आणि पूर्ण वांझपण क्वचित येते. पण टाळता येते ते का टाळू नये? इथे मुलांना ही लस वर्षाच्या वयात आणि पुन्हा पहिलीच्या वर्गात देतात. पणतवंडांच्या लशीची वही पाहत जा.

न उतरलेले वृषण. मुलगा जन्मला की दोन्ही वृषणे पिशवीत आहेत का हे डॉक्टर पाहतात. आपोआप उतरण्याची वाट सहा महिने पाहतात. नाही उतरले तर साधारण दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी. "मोठा झाला की येईल खाली" असे म्हणून वर्षे घालवू नयेत. वर अंगाच्या उष्णतेत राहिल्याने बीजपेशी नष्ट होत जातात आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो.

कर्करोगाचे उपचार. केमोथेरपी आणि किरणोपचार भराभर विभागणाऱ्या पेशी मारतात, आणि बीजपेशी तशाच असतात. मोठ्या माणसातली सर्टोली पेशी विभागत नाही, म्हणून ती बहुधा वाचते. नर्स राहते आणि पाळणा रिकामा होतो. म्हणून तरुण मुलाला असा आजार निघाला, तर उपचाराच्या पहिल्या दिवसाआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. त्या धावपळीत आईवडील भांबावलेले असतात, आजी-आजोबांनी आठवण करून द्यावी.

एक गोष्ट कारखान्यातली

आपल्या किती तरी लोकांनी नेगेवमधल्या कारखान्यांत आणि शेतांत आयुष्य काढले, म्हणून ही हकिगत सांगते. डी.बी.सी.पी. नावाचे एक औषध मुळांना लागणाऱ्या किडीवर मारत. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात कामगार आपसात बोलता बोलता लक्षात आले, की कोणालाच मुले होत नाहीत. तपासणी झाली तेव्हा अनेकांचे शुक्राणू शून्य किंवा अगदी कमी निघाले. इथे इस्रायलमध्येही हे औषध बनत असे. बेर-शेवाच्या डॉक्टरांनी इथल्या कामगारांना तपासले आणि पुढे अनेक वर्षे त्यांची पाहणी केली. काहींचे काम हळूहळू परत सुरू झाले, पण ज्यांच्या अंगात खूप औषध गेले होते त्यांतल्या बऱ्याच जणांचे कधीच झाले नाही.

वृषणाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा नळ्यांत फक्त सर्टोली पेशी उभ्या होत्या, बीजपेशी नाहीशा झालेल्या. आणि हे पुरुष दिसायला, वागायला, संसाराला अगदी ठीक होते. रक्तात एफ.एस.एच. मात्र वाढलेले. वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट या एका हकिगतीत दिसते. त्या घरांत औषधाचे नाव कळण्याआधी किती बायकांनी बोलणी खाल्ली असतील, याचा विचार करा.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर

आता तुकडा काढून काय बघणार, ते सांगते.

पहिली पायरी वीर्याची तपासणी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. एका मिलिलिटरमध्ये सुमारे दीड कोटीच्या वर शुक्राणू असले तर संख्या ठीक समजतात; चाल आणि आकारही पाहतात. ही तपासणी स्वस्त, बिनदुखणी आणि अर्ध्या दिवसाची. स्त्रीच्या तपासण्या लांबलचक आणि त्रासाच्या असतात. म्हणून ही आधी किंवा निदान बरोबरीने व्हायला हवी. पाच वर्षांनंतर नव्हे.

शुक्राणू एकही नसेल तर दोन शक्यता. एक, आत माल तयार आहे पण वाट बंद आहे. दुसरी, माल तयारच होत नाही. वृषणाचा आकार आणि एफ.एस.एच. यांवरून पुष्कळसा अंदाज येतो. त्याबरोबर रक्तातून गुणसूत्रेही पाहतात. कधी एक 'एक्स' जास्त असतो, कधी 'वाय'चा छोटासा तुकडा गळालेला असतो. तो तुकडा कोणता आहे त्यावर पुढची आशा ठरते. शिवाय बापाचा तुटका 'वाय' मुलाकडे जातो, म्हणून आधी जाणून घेणे बरे.

मग तुकडा. त्यात डॉक्टर पाहतात की नळ्यांत बीजपेशी कुठल्या पायरीपर्यंत पोहोचल्या आहेत. काहींत सर्व पायऱ्या असतात, काहींत मध्येच थांबलेल्या, आणि काहींत फक्त सर्टोली पेशी. पण आशा तिथेही संपत नाही. काही वेळा बहुतेक नळ्या रिकाम्या असून एखाद्या कोपऱ्यात काम चालू असते. मोठ्या भिंगाखाली वृषण उघडून डॉक्टर भरलेली नळी शोधतात. १९९२ पासून एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात घालण्याची पद्धत आली आहे, त्यामुळे थोडे मिळाले तरी चालतात. सगळ्यांना मिळतातच असे नाही, हेही खरे. तुकडा काढताना मिळालेले शुक्राणू त्याच वेळी गोठवता येतात का, हे आधी विचारून ठेवावे, म्हणजे पुन्हा चिरफाड नको. आपल्या देशात प्रयोगशाळेतल्या गर्भधारणेचा खर्च सरकारी आरोग्य विमा दोन मुलांपर्यंत उचलतो, स्त्रीच्या वयाची मर्यादा आहे. म्हणून वर्षे फुकट घालवू नयेत. तिचे वय मागे येत नाही.

मलिद्याचा नवस करायला माझी ना नाही, मीही केले आहेत. नवसाबरोबर नवऱ्याचा तपासणीचा नमुनाही जाऊ द्या, एवढेच म्हणणे.

आणि आपल्या वयात?

आजोबा विचारतील, आमचे काय? सर्टोली पेशींची संख्या लहानपणी आणि वयात येताना ठरते, पुढे नवीन होत नाहीत. उतारवयात त्या हळूहळू कमी होतात आणि शुक्राणूही घटतात. पण स्त्रीसारखा पूर्ण विराम पुरुषाला नसतो. हे वयाचे नैसर्गिक आहे, त्यासाठी औषध नको. वर्तमानपत्रातल्या "जवानी परत" छापाच्या गोळ्यांवर पेन्शन उडवू नका. थकव्यासाठी टेस्टोस्टेरॉन घ्यायचे तर ते रक्त तपासून, प्रोस्टेट पाहून, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

अंडकोषात सूज आली, पाणी भरल्यासारखे वाटले किंवा कठीण गाठ लागली, तर दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवा. वृषणाचा कर्करोग मुख्यतः तरुणांचा आहे, म्हणून नातवांनाही सांगा की अंघोळ करताना महिन्यातून एकदा हाताने चाचपून पाहावे. आणि तरुण मुलाला एकाएकी जोराची कळ आली, उलटी झाली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचते.

लक्षात ठेवायचे

१. पुरुषपण आणि शुक्राणू या दोन वेगळ्या गोष्टी. दिसायला धडधाकट म्हणून तपासणी टाळू नये.

२. मूल होत नसेल तर दोघांची तपासणी एकदम करावी. पुरुषाची सोपी आहे.

३. मूल हवे असताना बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेऊ नये.

४. शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. औषध, सवय, ताप यांचा परिणाम त्या हिशेबाने पाहावा.

५. कर्करोगाच्या उपचाराआधी वीर्य गोठवण्याबद्दल विचारावे.

६. मुलगा सहा महिन्यांचा झाला तरी वृषण उतरले नसेल तर डॉक्टरांना गाठावे.

७. घरातल्या सुनेला, नातसुनेला 'वांझ' हा शब्द कोणाच्याही तोंडून ऐकू येऊ देऊ नये. तो थांबवायचे वय आणि अधिकार आपल्याकडेच आहे.

पुढच्या अंकात वाचकांच्या मागणीवरून कानाच्या यंत्राविषयी लिहीन. प्रश्न असतील तर संपादकांकडे चिठ्ठी पाठवा. नाव लिहायला संकोच वाटला तर लिहू नका, उत्तर तरीही मिळेल. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.